फुंकरबाई आणि तीस दिवसांचा नियम

वैद्यकीय संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, यंत्रखोलीबाहेरच्या भिंतीला नियमांचा एक कागद चिकटवलेला होता. सहा वर्षं तो तिथे होता आणि सहा वर्षांत तो वाचणारं माणूस यंत्रखोली सांभाळणाऱ्या ऑपरेटरने पाहिलं नव्हतं. म्हणूनच एका शुक्रवारी दुपारी डबा खाऊन परतताना कागदासमोर उभ्या असलेल्या बाई त्याच्या डोळ्यांत भरल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, किरकोळ बांध्याच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. हातात त्याच नियमांची छापील प्रत आणि पेन्सिल. भिंतीवरची एक ओळ वाचायची, हातातली एक ओळ वाचायची आणि समासात बरोबरची खूण करायची. दोन्ही कागद एकच सांगतात की नाही, ते त्या पडताळून बघत होत्या.

"अहो भाऊ, एक विचारू?" त्या वळून म्हणाल्या. "हे तीस दिवस कधीपासून धरायचे?"

"ठेवल्यापासून. ज्या दिवशी तुम्ही फाइल इथे ठेवाल, तिथून तीस दिवस. मग ती आपोआप पुसली जाते."

"नक्की ना? कागदावर तसंच आहे. पण कागदाचं काय, कागद सोशिक असतो. कोणी काहीही लिहावं."

ऑपरेटरला हसू आलं. "नक्की, ताई. मीच चालवतो ते."

बाईंनी चष्मा खाली ओढला आणि त्या ओळीपुढे समासात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. मग "आभारी आहे" म्हणून जिना चढून गेल्या. ऑपरेटरच्या मनात आलं, अशी चार माणसं संस्थेत असती तर आपलं निम्मं काम वाचलं असतं.

त्यांना सगळे फुंकरबाई म्हणत. नाव मुलांनी ठेवलेलं. श्वासाच्या अभ्यासात त्या मोजणीचं काम करत. शहरातल्या चार शाळा होत्या. दोन सिमेंटच्या गोदामांना लागून, दोन लांब, मोकळ्या हवेत. त्या शाळांतल्या चारशे बारा मुलांचा श्वास दरवर्षी एकदा मोजायचा, पहिलीपासून ते शाळा सोडेपर्यंत. गोदामाच्या धुळीने मुलांचं फुप्फुस वाढायचं थांबतं का, एवढाच प्रश्न होता. उत्तराला अकरा वर्षं लागणार होती आणि त्यातली शेवटची मोजणी नुकतीच संपली होती.

काम ऐकायला सोपं. मुलाने नळीत जोरात फुंकायचं, यंत्राने त्याची वक्ररेषा काढायची. पण सात वर्षांच्या पोराला फुप्फुस पार रिकामं होईपर्यंत फुंकायला लावणं म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यापैकी. पोरं हसतात, खोकतात, नळी चावतात, अर्ध्यात दमून सोडून देतात. बाई समोर गुडघ्यांवर बसायच्या आणि ओरडायच्या, "जोरात, जोरात, अजून आहे आत, मला दिसतंय! कोणासाठी राखून ठेवलंस? काढ बाहेर!" मूल लालबुंद व्हायचं आणि रेषा तळाला टेकायची. मग त्या म्हणायच्या, "शाब्बास. आता घ्या श्वास फुकट." दरवर्षी तेच वाक्य, आणि दरवर्षी मुलं हसायची.

यंत्र जुनं होतं आणि सगळ्या फाइली त्याच्याच पोटात साठत. फाइलच्या आत मुलाचा क्रमांक आणि रेषा असत. मोजणीची तारीख आत कुठेच नसे. फाइल ज्या दिवशी तयार झाली ती तिच्यावरची तारीख, तीच मोजणीची तारीख. ती तारीख हलली तर मुलाचं वय हलणार, आणि वय हललं तर सगळा हिशेब पाण्यात. वेगळी नोंद ठेवू का, असं बाईंनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं. अभ्यासाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, त्यांनी सांगितलं, "नको. दोन नोंदी झाल्या की दोन सत्यं होतात. फाइलवरची तारीख हीच खरी." बाईंनी तो शब्द अकरा वर्षं पाळला. रोज सकाळी यंत्राचं घड्याळ शाळेच्या घड्याळाशी लावून मगच पहिल्या मुलाला हाक मारायच्या.

आता ही यंत्रखोली काय होती, तेही सांगायला हवं. तिथे दोनशे संगणक एकमेकांना जोडून ठेवले होते. त्याला क्लस्टर म्हणत. संस्थेतले सगळे विभाग आपापले मोठे हिशेब त्यावर सोडत आणि रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबत. सामान ठेवायला दोन जागा. एक पक्की, तिथलं काही हलत नसे, पण ती चिमूटभर. दुसरी स्क्रॅच, अफाट मोठी, पण सगळ्यांची मिळून एक आणि तात्पुरती. शाळेतली कच्ची वही आणि पक्की वही ज्याला आठवते, त्याला हे कळेल. कच्च्या वहीत गणित सोडवायचं, उत्तर पक्क्या वहीत उतरवायचं. स्क्रॅचवरच्या सामानाची दुसरी प्रत कोणी काढून ठेवत नसे, आणि तीस दिवस उलटलेल्या फाइली दर रविवारी दुपारी एक स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला आधीच लिहून दिलेला हुकूम, आपोआप पुसून टाकत असे.

नियम चांगला होता. सामायिक जागा अशीच राखावी लागते. पण पळवाट सगळ्यांनी शोधली होती. एक छोटीशी आज्ञा दिली की फाइलीवर नुसता हात फिरल्यासारखं होई. आतलं एक अक्षर बदलत नसे, वरची तारीख तेवढी आजची होई. त्याला सगळे हात लावणं म्हणत. दर रविवारी सकाळी आपल्या सगळ्या फाइलींना आपोआप हात लागावा अशी सोय बहुतेक विभागांनी करून ठेवली होती. मोठ्या डॉक्टरांचं दुसरं एक काम होतं. त्याचे ढीगभर फोटो चार वर्षं असेच कच्च्या जागेत ठाण मांडून बसले होते. ऑपरेटरला ते दिसत होतं. त्याच्या वरच्या विभागप्रमुख मॅडमनाही दिसत होतं. "सगळेच करतात," मॅडम म्हणत, आणि विषय तिथेच संपे.

मोठ्या डॉक्टरांनी अकरा वर्षांचा शेवटचा हिशेब क्लस्टरवर लावायचं ठरवलं. पक्क्या जागेत त्यांच्या विभागाला इंचभरही मोकळं नव्हतं. तिथेही त्या दुसऱ्या कामाचाच पसारा. "स्क्रॅचवर टाका," ते बाईंना म्हणाले. "बारा दिवसांचा हिशेब आहे, तीस दिवस मिळतात. आणि जुनं यंत्र सोमवारी स्टोअरला परत करून टाका, नवीन यायचंय."

"एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून घेऊ का?"

"बाई, बारा दिवसांसाठी कशाला? तुम्ही म्हणजे दुधाने तोंड न पोळताच ताक फुंकून पिता."

फुंकरबाईंवरचा हा विनोद खोलीतल्या सगळ्यांना आवडला. बाईही हसल्या. आणि नियम नीट वाचावेत म्हणून तळमजल्यावर उतरल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी फाइली चढवल्या. चार हजार शहाऐंशी. चढवताना तारखा जशाच्या तशा राहाव्यात, ही खास सूचना द्यायला त्या विसरल्या नाहीत. ती देता येते हे त्यांनी ऑपरेटरलाच विचारून घेतलं होतं. सगळं चढल्यावर त्यांनी शाळावार मोजणी केली. एक फाइल कमी नव्हती, एक तारीख हललेली नव्हती.

"ताई, सगळ्यांसारखा एकदा हात लावून ठेवा की," ऑपरेटर चेष्टेने म्हणाला. "म्हणजे महिनाभर कटकट नाही."

"वा! म्हणजे माझी सगळी पोरं एका दिवसात मोजून झाली! पहिलीतली एखादी पोर आणि दहावीतली तीच पोर एकाच वयाची. खोटं लिहायला मला अकरा वर्षं कशाला लागली असती? एका दुपारीत उरकलं असतं."

सोमवारी सकाळी साडेनऊला बाईंनी यंत्र स्टोअरमध्ये नेऊन दिलं आणि पोच घेतली. अकराला त्या खाली आल्या. हिशेबाची पाळी आली का, ते पाहायला त्यांनी आपला फोल्डर उघडला. चारही शाळा जागच्या जागी होत्या. शाळांच्या आत वर्षं होती. वर्षांच्या आत काही नव्हतं. फक्त शेवटच्या महिन्यात मोजलेली एकतीस मुलं उरली होती. स्क्रिप्ट फाइली पुसत असे, फोल्डर तसेच ठेवत असे. वर्ग होते, बाक होते, पोरं गेली होती.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "जरा इकडे या हो." आवाज अगदी साधा होता. तो साधेपणा ऑपरेटरला पुढे कित्येक दिवस झोंबत राहिला.

त्याने धावत जाऊन ती स्क्रिप्ट उघडली. सहा वर्षं तो ती चालवत होता. वाचली मात्र त्या दिवशी पहिल्यांदा. आधीच्या माणसाने लिहिलेली, आणि त्यात एक ओळ. फाइल इथे केव्हा आली, ते ती बघतच नव्हती. फाइलवरची तारीख बघत होती. ज्यांनी साधी नक्कल केली, त्यांच्या फाइलींवर आजची तारीख पडे. ज्यांनी हात लावला, त्यांच्याही. त्यामुळे सहा वर्षं कोणाचं काही बिघडलं नाही. हात लावल्याने फाइल वाचते, म्हणजे मोजणी तारखेवरूनच होत असणार, हे ऑपरेटरला कळायला हवं होतं. दोन आणि दोन त्याच्यासमोर सहा वर्षं मांडून ठेवलेले होते. बेरीज तेवढी त्याने केली नाही. अकरा वर्षांच्या खऱ्या तारखा घेऊन तिथे येणारं पहिलं माणूस फुंकरबाई होत्या. स्क्रिप्टला त्या फाइली दोन दिवसांच्या पाहुण्या वाटल्याच नाहीत. अकरा वर्षं मुक्काम ठोकलेल्या वाटल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याला.

त्याने स्टोअरला फोन लावला. स्टोअरवाला खुशीत होता. "यंत्र ना? आल्याआल्या साफ करून टाकलं, साहेब. आत कणभर काही ठेवलं नाही, निर्धास्त राहा."

राहिली ती एक यादी. काय काय पुसलं, ते स्क्रिप्ट लिहून ठेवी. चार हजार पंचावन्न फाइलींची नावं आणि प्रत्येकापुढे तारीख, अगदी बिनचूक. रेषा एकही नाही.

मग सुरू झालं ते हात झटकणं. मोठे डॉक्टर व्हरांड्यात चार माणसांदेखत बाईंना म्हणाले, "माझ्या अकरा वर्षांच्या मेहनतीवर तुम्ही बोळा फिरवलात." माझ्या! हे गृहस्थ अकरा वर्षांत शाळेत एकदा गेले होते, तेही फोटो काढून घ्यायला. नळीला त्यांचा हात लागला तो त्याच फोटोत.

मंगळवारी सकाळी ऑपरेटर कामावर आला तर भिंतीवर नवा कोरा कागद. ‘ठेवल्यापासून तीस दिवस’च्या जागी ‘फाइलवरील तारखेपासून तीस दिवस’. खाली तारीख मात्र जुनीच, सहा वर्षांपूर्वीची. तो मॅडमकडे गेला.

"कागद फाटला होता, बदलला," मॅडम म्हणाल्या. मान वर केली नाही.

"मॅडम, शब्दही बदललेत."

"शब्द आधी चुकून पडले होते, आता दुरुस्त केले. हे बघ, तू आपल्या विभागाचा आहेस ना? मग त्या बाईंच्या भानगडीत पाय अडकवू नकोस. त्यांचा करार वर्षअखेर संपतोय, नाहीतरी वाढेल की नाही शंकाच आहे. तुला पोर व्हायचंय ना येत्या महिन्यात?"

गुरुवारी चौकशीची बैठक ठरली. त्याआधीच बाईंच्या हातात एक पत्र ठेवलं गेलं. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ अशी त्याची सुरुवात. खाली सहीपुरती जागा सोडलेली. सही केली तर नुसती नोंद होईल, नाही केली तर करार संपेल, असं प्रशासन अधिकाऱ्यांनी गोड आवाजात समजावलं. ज्या बाईने अकरा वर्षांत एक तारीख चुकू दिली नाही, तिने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं की मी निष्काळजी आहे. बाईंनी ते पत्र घडी घालून पिशवीत ठेवलं, एवढंच.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ऑपरेटर त्यांना शोधत गेला. त्या मागच्या पायऱ्यांवर डबा उघडून बसल्या होत्या.

"ताई, तुमच्याकडची ती छापील प्रत! जुन्या शब्दांची. ती आहे ना? उद्या दाखवा ती."

"आहे की."

"मग झालं! तोंडं बंद होतील सगळ्यांची."

बाईंनी पिशवीतून प्रत काढून त्याच्यासमोर धरली. ओळीपुढे समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं: ‘ऑपरेटरना विचारून खात्री केली. ठेवल्यापासूनच.’ पुढे तारीख, वेळ.

"हे दाखवलं की पहिली मान तुझी," बाई म्हणाल्या. आजवरचं ‘तुम्ही’ कुठे गळून पडलं, त्यांनाही कळलं नसावं. "खोडून दाखवू म्हटलं, तर खोडलेला कागद कोण खरा मानणार? आणि मी तरी कशी खोडू? तू मुद्दाम थोडंच सांगितलंस, बाळा. तुलाही कोणीतरी तसंच सांगितलं असेल. घरात दिवस भरत आलेत म्हणतात. जेवलास का?"

ऑपरेटरला कोणीही तसं सांगितलेलं नव्हतं. त्याने न वाचता, न बघता, ऐटीत ठोकून दिलं होतं.

संध्याकाळी त्याने घरी बायकोला सगळं सांगितलं. ती पाय उशीवर ठेवून पडली होती. ऐकता ऐकता उठून बसली.

"म्हणजे तुझ्या चुकीपायी ती बाई सही करणार, आणि तू पोराचं कारण सांगून गप्प बसणार?"

"मी कुठे म्हणतोय गप्प बसणार? विचार करतोय."

"कसला? अजून जन्माला आलं नाही आणि बापाने त्याला ढाल करून पुढे धरलंय! नोकरी गेली तर बघू. दोन हात आहेत तुला, आणि महिन्याभराने माझेही रिकामे होतील. पण त्या बाईने ‘जेवलास का’ विचारल्यावर तू जेवू कसा शकलास?"

"जेवलो नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि ताट वाढायला उठली.

बैठकीला टेबलाच्या एका बाजूला मोठे डॉक्टर, विभागप्रमुख मॅडम आणि प्रशासन अधिकारी. दुसऱ्या बाजूला एकट्या बाई. ऑपरेटरला दाराजवळची खुर्ची दिली होती, काही तांत्रिक लागलं तर असावा म्हणून.

"मुळात," मोठे डॉक्टर म्हणाले, "त्या जुन्या तारखा जपायचा अट्टहास कशाला? साधी नक्कल केली असती तर काही झालं नसतं."

बाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "डॉक्टर, तुम्हीच म्हणाला होतात, फाइलवरची तारीख हीच खरी."

"अहो, प्रसंग पाहून वागायचं असतं. इतर लोक करतात तसं करायचं होतं."

"इतर लोक काय करतात?" प्रशासन अधिकाऱ्यांनी भाबडेपणाने विचारलं.

ऑपरेटर उठला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

"मी सांगतो. इतर लोक फाइलींना दर रविवारी हात लावतात. तारीख खोटी करतात, म्हणजे स्क्रिप्ट फसते. डॉक्टरांचे फोटो चार वर्षं असेच पडून आहेत. पक्की जागाही त्यांनीच भरलीय, म्हणून बाईंना कच्च्या जागेत यावं लागलं. ज्यांनी लबाडी केली त्यांचं सगळं शाबूत आहे. एका माणसाने खरं ठेवलं, त्याचं गेलं. आणि बाईंनी मला विचारलं होतं. तीस दिवस कधीपासून, असं विचारलं. मी म्हणालो, ठेवल्यापासून. स्क्रिप्ट न वाचता म्हणालो. भिंतीवरही तेच होतं, मंगळवारपर्यंत. कागद मंगळवारी बदललाय. बाईंकडे जुना आहे."

मॅडम पेनाचं टोपण उघडू-मिटू लागल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, "हे विषयांतर आहे."

"विषय हाच आहे," ऑपरेटर म्हणाला आणि खाली बसला.

"दाखवा बघू तो कागद," प्रशासन अधिकारी म्हणाले. बाईंनी आधी ऑपरेटरकडे पाहिलं. त्याने मान हलवली, तेव्हाच त्यांनी पिशवीत हात घातला. अधिकाऱ्यांनी समासातली ओळ दोनदा वाचली. मग बाईंनी ते माफीचं पत्रही काढलं आणि घडी न मोडता टेबलावर ठेवून दिलं. "हे तुमचं. यावर माझी सही होणार नाही," त्या म्हणाल्या. "चुकले असते तर मागण्याआधी केली असती."

अहवाल आला तो तीन आठवड्यांनी. ‘नियमाच्या शब्दयोजनेत संदिग्धता होती, कोणाही एका व्यक्तीस जबाबदार धरता येत नाही.’ बघा, कसं गुळगुळीत वाक्य आहे! कुठूनही धरा, हातातून निसटतं. कागद कोणी बदलला, एक शब्द नाही. फोटोंचं काय, एक शब्द नाही. ऑपरेटरला लेखी ताकीद मिळाली आणि स्क्रिप्ट दुरुस्त करायचा हुकूम. तो त्याने त्याच दिवशी अमलात आणला. मोठ्या डॉक्टरांना नवीन यंत्र मिळालं आणि नवीन अभ्यासही, दुसऱ्याच विषयाचा. सिमेंटची गोदामं आहेत तिथे आहेत आणि त्यांच्या कुंपणाला लागून दोन शाळा भरतात. तिथल्या मुलांचं फुप्फुस वाढतं की थांबतं, ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

बाईंचा करार वाढला. निष्काळजीपणाचा डाग लागला नाही. पण श्वासाचा अभ्यासच बंद झाल्यामुळे त्यांना मोजणीचं काम उरलं नाही, आणि दुसऱ्या कुठल्या अभ्यासात त्यांना घ्यायला कोणी प्रमुख पुढे आले नाहीत. सरळ माणूस आपल्या खोलीत नको, असं कोणी तोंडाने म्हणत नाही. जागा नाही म्हणतात. अकरा वर्षं चारशे मुलांकडून फुप्फुस पार रिकामं होईपर्यंत फुंकून घेणारं कसब असं वाऱ्यावर गेलं.

फुंकरबाई सध्या संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात नोंदणीच्या दुसऱ्या खिडकीवर बसतात. वेळ सकाळी नऊ ते दुपारी चार, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी.